आमच्या गाडीला कधी काही झालं नाही

दर भारतवारीत एक प्रश्न ठरलेला असतो. चहा होतो, मी जाड झालोय की बारीक यावर घरातल्यांचं एकमत होतं, आणि मग कुणीतरी काका किंवा मेहुणे हळूच खुर्ची पुढे ओढतात. "काय रे, तू एवढं तिकडे जाऊन इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी केलीस. सेडान घ्यायची म्हणतोय, कुठली घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत खोलीतून दुसऱ्याच कुणाचं तरी उत्तर येतं. "अहो, अमुक घ्या डोळे मिटून. आमच्याकडे सात वर्षं आहे. कधी काही झालं नाही!"

विषय संपतो. सात वर्षांच्या अनुभवापुढे माझी पीएचडी काय चीज आहे?

आजचा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे. "आमच्या गाडीला कधी काही झालं नाही" हे वाक्य बोलणारा खोटं बोलत नसतो, पण ऐकणाऱ्याच्या ते काडीच्याही उपयोगाचं नसतं. बऱ्याचदा तर ते त्याचं नुकसान करतं. हे मी वरून शहाणपणा शिकवायला सांगत नाहीये. हे वाक्य मी स्वतः बोललोय, आणि त्याची किंमत माझ्या मावसभावाने मोजली आहे.

त्याचं असं झालं. २०१३ साली मी ओहायोत विद्यार्थी असताना परत निघालेल्या एका पोस्टडॉककडून २००८ची एक मिडसाइज सेडान घेतली. (अमेरिकेतली मिडसाइज म्हणजे कॅमरी, अकॉर्ड, सोनाटा या मापाची, जवळजवळ पाच मीटर लांब. आपल्याकडे साडेचार मीटरची सिटी किंवा व्हर्ना मिडसाइज म्हणवते.) २०१९ मध्ये ती विकली तेव्हा मीटरवर १ लाख ६२ हजार मैल होते, म्हणजे २ लाख ६० हजार किलोमीटर. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, तेल. बास. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. मी त्या गाडीचं कौतुक नातेवाइकांना इतकं ऐकवलं की लग्न ठरलं तेव्हा आईने बायकोला आधी गाडीबद्दलच सांगितलं होतं.

त्याच वर्षी नाशिकच्या मावसभावाचा फोन आला. त्याचा औषध वितरणाचा धंदा आहे, दिवसभर सातपूर-अंबड-पंचवटी अशा फेऱ्या. "दादा, एक सेकंडहँड ऑटोमॅटिक बघितली आहे, २०१६ची. तुझ्याच कंपनीची. घेऊ का?" मी म्हणालो, "विचार काय करतोस? घे! माझ्या गाडीला कधी काही झालं नाही."

२०२२च्या जुलैत कसारा घाटात, भर पावसात, मागच्या सीटवर दोन मुलं असताना त्या गाडीने मान टाकली. इंजिन चालू आहे, पेडल दाबलं की गुरगुरतंय, पण चाकांपर्यंत काही पोचत नाही. वळणावर, मागे ट्रक. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर भला माणूस होता, त्याने आडवा हात करून बाकीच्या गाड्या थांबवल्या म्हणून निभावलं. गिअरबॉक्सचा खर्च १ लाख ७० हजार रुपये.

हे मला कळलं २०२३च्या दिवाळीत, तेही मावशीकडून, चकल्या खाता खाता. त्याला विचारलं, तू बोलला का नाहीस? तर म्हणाला, "तू एवढ्या खात्रीने सांगितलं होतंस, तुला वाईट वाटलं असतं."

कंपनीचं नाव लिहीत नाही. एका गाडीवरून कंपनीला नावं ठेवायची तर एका गाडीवरून तिची आरती करणाऱ्या मला बोलायला तोंड राहत नाही. चूक कंपनीची किती हे मला माहीत नाही. माझी किती, हे मात्र मला मोजता येतं, आणि तेच आता मोजू.

समजा, बाजारात दोन सेडान आहेत. एकीचा गिअरबॉक्स लाख किलोमीटरच्या आत शंभरात एका गाडीत जातो, दुसरीचा शंभरात पाच गाड्यांत. म्हणजे दुसरी गाडी पाचपट वाईट. आता तुम्ही चौकस ग्राहक आहात, म्हणून दुसऱ्या गाडीच्या एक नाही, चांगल्या दहा मालकांना गाठून विचारता. दहाही जण "काही झालं नाही" म्हणतील याची शक्यता किती? ०.९५ला स्वतःशीच दहा वेळा गुणा. उत्तर येतं साधारण ०.६०. म्हणजे पाचपट वाईट गाडीच्या दहा मालकांना विचारूनसुद्धा, दहापैकी सहा वेळा तुम्हाला एकमुखी शिफारसच मिळेल! पहिल्या, चांगल्या गाडीबद्दल हाच आकडा ०.९० येतो. दोन्हीकडे ऐकू येणार तेच, डोळे मिटून घ्या.

मग किती मालकांना विचारायचं? "बिघाडाचं प्रमाण शंभरात पाचापेक्षा कमी आहे" असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर सलग ६० गाड्या निर्दोष सापडाव्या लागतात. शंभरात एकापेक्षा कमी म्हणायचं तर ३००. तुमच्या ओळखीत एकाच मॉडेलचे ३०० मालक आहेत? माझ्या ओळखीत एकच होता. मी.

माझं पोटापाण्याचं काम बेअरिंगचं आयुष्य मोजण्याचं आहे. या धंद्यात कुणीही शहाणा माणूस "आमचं बेअरिंग दहा हजार तास टिकतं" असं नुसतं म्हणत नाही. तो म्हणतो, एल-१० आयुष्य दहा हजार तास. म्हणजे शंभरातली नव्वद बेअरिंगं एवढे तास काढतील आणि दहा त्याआधीच जातील. कागदावर लिहून देतात, दहा जाणार! वालोदी वायबुल नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९५१ मध्ये ज्या वितरणावर गाजलेला शोधनिबंध लिहिला, ते आम्ही आजही रोज वापरतो. त्याचा गाभा हाच, की एकाच साच्यातून, एकाच दिवशी निघालेले दहा नग दहा वेगवेगळ्या वेळी मरतात. टिकाऊपणा हा एका नगाचा गुण नसतो, तो घोळक्याचा असतो. आजोबांनी जन्मभर विड्या ओढल्या आणि नव्वदी गाठली, म्हणून कुणी नातवाला विडी पेटवून देत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

दुसरी चूक त्याहून बारीक आहे. मी किलोमीटर सांगितले, तास सांगितले नाहीत. माझे २ लाख ६० हजार किलोमीटर बहुतेक सगळे इंटरस्टेट ७१ वरचे. ताशी शंभरचा वेग धरला तर २,६०० तास. गिअरबॉक्स एकदा वरच्या गिअरमध्ये गेला की तासभर काही काम नाही, समोरून गार वारा. भावाची गाडी घाटात बसली तेव्हा मीटरवर होते ७० हजार. नाशिकच्या गर्दीत सरासरी वेग ताशी वीस धरा. झाले ३,५०० तास! ज्या गाडीला आम्ही "जेमतेम सत्तर हजार चाललेली" म्हणत होतो ती माझ्या "अडीच लाख चाललेल्या" गाडीपेक्षा जास्त वेळ राबली होती. आणि तेही पहिला-दुसरा, दुसरा-पहिला असं दर मिनिटाला गिअर बदलत, मे महिन्याच्या उन्हात, पुढच्या रिक्षाचा धूर खात. शिवाय कंपनीची पाटी तीच असली तरी आतला गिअरबॉक्स वेगळा, मॉडेल वेगळं, कारखाना वेगळा. माझ्या अनुभवाचा त्याच्या गाडीशी संबंध म्हणाल तर बोनेटवरच्या बिल्ल्यापुरता.

आता तुम्ही म्हणाल, मग मालकांचे अनुभव कचऱ्यात टाकायचे का? अजिबात नाही. उलट, मालकांच्या अनुभवाइतकी मौल्यवान गोष्ट नाही. फक्त ते सांगायचे नसतात, नोंदवायचे असतात.

याचं एक धडधडीत उदाहरण याच मिडसाइज वर्गातलं आहे, आणि ते सरकारदप्तरी आहे. ह्युंदाईची २०११ आणि २०१२ची सोनाटा. दिसायला देखणी, वॉरंटी घसघशीत. पण काही मालकांच्या इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली, काहींचं इंजिन चालता चालता जाम झालं. डीलरकडे गेलं की "तेल वेळेवर बदललंत का? पावत्या दाखवा" असं ऐकावं लागतं, अशा तक्रारी पुढे कोर्टापर्यंत गेल्या. प्रत्येक मालकाला वाटे, आपलंच नशीब फुटकं. बहुसंख्य सोनाटा व्यवस्थित धावत होत्या, त्यामुळे शेजारच्या सोनाटावाल्याला विचारलं तर उत्तर काय येणार, तुम्ही ओळखलंच असेल.

फरक एवढाच की अमेरिकेत नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अॅडमिनिस्ट्रेशन नावाची सरकारी संस्था आहे आणि तिच्याकडे कुणालाही आपल्या गाडीची तक्रार नोंदवता येते. नोंदवलेली तक्रार कुणालाही वाचता येते. एकेकटी तक्रार म्हणजे रडगाणं. शेकडो तक्रारींत तेच मॉडेल, तोच आवाज, तीच वेळ आली की तो पुरावा होतो. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. कारण दिलं ते असं, की क्रँकशाफ्ट घडवताना उडालेले धातूचे बारीक कण नीट साफ झाले नव्हते, ते तेलाच्या वाटेत अडकून बेअरिंगला तेल पोचू देत नव्हते. (माझं लाडकं बेअरिंग!) २०१६ मध्ये किम ग्वांग-हो नावाचा ह्युंदाईचाच एक ज्येष्ठ इंजिनिअर आतली कागदपत्रं घेऊन अमेरिकन सरकारकडे गेला, कारण बोलावलेल्या गाड्या पुरेशा नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. त्याची नोकरी गेली. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी जवळजवळ १२ लाख गाड्यांचा रिकॉल झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरचा दंड बसला, आणि २०२१ मध्ये किम यांना सरकारने २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं.

या गोष्टीवरून ह्युंदाई वाईट असा निष्कर्ष काढू नका, हात जोडून विनंती. तसा काढलात तर वरचं सगळं पाण्यात गेलं. दोष कुठल्याही कंपनीच्या गाडीत निघू शकतो. मला दाखवायचं ते इतकंच, की ज्या सोनाटावाल्याने खडखडीची तारीख, मैल आणि बिल लिहून तक्रार टाकली त्याने अनोळखी लोकांची इंजिनं वाचवली. ज्याने शेजाऱ्याला "मस्त आहे हो गाडी" म्हटलं त्याने कुणाचंच काही वाचवलं नाही.

आकड्यांनाही खोटं बोलता येतं, हे मान्य. तक्रारी चिडलेली माणसं जास्त लिहितात. किती गाड्या विकल्या हे माहीत नसेल तर नुसत्या तक्रारींच्या संख्येला अर्थ नाही. जे. डी. पॉवरच्या पाहणीत दर १०० गाड्यांमागे किती अडचणी आल्या ते मोजतात, पण तिथे फोन ब्लूटूथला न जुळणं ही एक अडचण आणि गिअरबॉक्स बसणं हीसुद्धा एकच अडचण. कन्झ्युमर रिपोर्ट्स हे १९३६ पासूनचं मासिक जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या स्वतःच्या पैशाने विकत घेतं, पण टिकाऊपणाची माहिती घेतं ती आपल्या वर्गणीदारांकडूनच. जर्मनीतला एडीएसी हा मोटारक्लब १९७८ पासून रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी छापतोय, पण ज्या त्यांच्या मदतगाडीपर्यंत पोचतात त्याच मोजल्या जातात. सगळ्या मोजपट्ट्या थोड्या थोड्या वाकड्या आहेत. पण वाकडी मोजपट्टी कुठे वाकडी आहे ते कळलं की तिच्याने मोजता येतं. मेहुण्यांच्या छातीठोक आवाजाने काय मोजणार?

"तुमच्या अमेरिकेत ठीक आहे, इथे कोण ऐकतं?" हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. आणि इथेच मला खरं भांडायचं आहे.

आपल्याकडे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता होती. ऐच्छिक म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. पण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आलं. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय होईल असा दोष असेल तर सरकार गाड्या परत बोलवायचा हुकूम देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीच्या रिकॉलसाठी दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. आणि हा हुकूम कशाकशाने निघू शकतो? कलमात पहिलंच कारण लिहिलंय, की ठरलेल्या प्रमाणात *मालकांनी* दोष कळवला तर. त्यासाठी पोर्टल आहे.

कायदा अपुरा आहे. खर्चिक पण निरुपद्रवी बिघाड त्यात बसत नाहीत. अमेरिकेत कनेटिकट राज्याने १९८२ मध्ये पुन्हापुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाडीच्या ग्राहकाला पैसे किंवा बदली गाडी मिळवून देणारा 'लेमन' कायदा केला, तसा आपल्याकडे वेगळा नाही. १ कोटी रुपये हा मोठ्या कंपनीला चहापाण्याचा खर्च आहे. हे सगळं खरं. पण कायद्याचं पहिलं चाक मालकांच्या तक्रारींवर फिरतं, आणि तक्रार करायचं म्हटलं की आपली दातखीळ बसते.

का बसते? मी भावाला विचारलं. सर्व्हिस सेंटरमधला मेकॅनिक त्याला म्हणाला होता, "साहेब, ह्या मॉडेलमध्ये हे येतंच." मग त्याने धंद्यातल्या ओळखीत चौकशी केली, तर तीच गाडी असलेल्या आणखी तिघांचं तेच झालेलं. चौघंही गप्प. पहिलं कारण, गाडी निवडण्यात आपण फसलो हे चारचौघांत कोण कबूल करणार? आणि दुसरं कारण त्याने न विचारता सांगितलं. "बोंबाबोंब केली तर विकताना भाव पडतो ना दादा."

"मग तू विकलीस?"

"दुरुस्त करून लगेच. सिन्नरच्या एका शिक्षकांना."

"त्यांना सांगितलंस गिअरबॉक्सचं?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. म्हणाला, "मी त्यांना तेच सांगितलं जे तू मला सांगितलं होतंस."

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला, पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, असा बाजार असेल तर घेणारा सगळ्याच गाड्यांना वाईट समजून भाव पाडतो, मग चांगल्या गाडीवाला विकायलाच येत नाही आणि बाजारात भंगार तेवढं उरतं. आपण भाव पडू नये म्हणून गप्प बसतो आणि त्या गप्पपणामुळेच सगळ्यांचा भाव पडतो. आणि कंपनीला काय हवं असतं? चौघांनी चार कोपऱ्यांत चार वेळा आपापल्या नशिबाला दोष द्यावा, एवढंच.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला गाडीबद्दल विचारलं तर "काही झालं नाही" म्हणू नका. मॉडेलचं वर्ष सांगा. इंजिन आणि गिअरबॉक्स कुठला ते सांगा. किती किलोमीटर, त्यातले गावात किती आणि हायवेवर किती ते सांगा. काय बदललं, कधी बदललं, बिल किती आलं. आणि शेवटी हेही सांगा, की ही एका गाडीची गोष्ट आहे. काही झालं नसेल तर तेही असंच लिहा, कारण मोजणीत निर्दोष गाडीही मोजावी लागते. आणि रस्त्यावर जीव धोक्यात येईल असा बिघाड झाला असेल तर पोर्टलवर तक्रार टाका. काही होणार नाही असं वाटत असलं तरी टाका. सोनाटाच्या पहिल्या तक्रारवाल्यालाही तसंच वाटलं असणार.

भावाला मी तक्रार टाकायला सांगितली होती. पण आता गाडी त्याची नाही, तो मालक म्हणून बोलू शकत नाही. बोलायचं तर त्या शिक्षकांनी बोलायला हवं. त्यांच्याकडे गाडी व्यवस्थित चालत असेल, अशी मी मनापासून आशा करतो. नव्या गिअरबॉक्सचे तास अजून भरायचे असतील. तोवर कुणी त्यांना विचारलंच, की गाडी कशी आहे हो गुरुजी, तर ते काय सांगत असतील?

असो. भावाला मी तेवढा नंबर शोधून ठेवायला सांगितलाय. पुढच्या भारतवारीत सिन्नरला जाऊन यायचं आहे.